पात्यात तोंड दिसतं, पण सुरी कापते का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. दोन वर्षं तुम्ही हाताने सुऱ्या घडवताय. एका सुरीला लागणाऱ्या वेळातला निम्म्याहून जास्त वेळ पॉलिशवर जातो, कारण गिऱ्हाईक फोटोतली चकाकी बघूनच हो म्हणतं. आता स्वयंपाकाची एक सुरी परत आली आहे, 'देखणी आहे, पण जड कापते' असा निरोप घेऊन. आणि तुमच्या ओळखीतले एक जुने कारागीर म्हणतात की पॉलिश म्हणजे नुसता दिखावा, १२० दाण्याच्या बेल्टवरून (आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक) उतरलेलं पातंच खरं. गिऱ्हाइकाचं ऐकायचं की कारागिराचं?

दोघांनाही जरा बाजूला ठेवा. आधी ती परत आलेली सुरी काय सांगते ते बघू.

व्हर्नियर घ्या आणि धारेमागची जाडी मोजा. म्हणजे धार लावलेला जो अरुंद पट्टा असतो, तो संपून पात्याचा मुख्य उतार जिथे सुरू होतो, तिथली जाडी. टाचेपाशी, मधोमध आणि टोकाच्या जवळ, अशी तीन ठिकाणी. स्वयंपाकाच्या चांगल्या सुरीला हा आकडा ०.२ ते ०.४ मिलिमीटर असतो. बाहेर रानात वापरायच्या सुरीला ०.५ ते ०.७ चालतो. घाव घालून लाकूड तोडायचं असेल तर त्याहून जाड. तुमच्या सुरीला १ मिलिमीटरच्या आसपास आकडा येईल असा माझा अंदाज आहे. सुरी न बघता हे कसं सांगतो, ते पुढे येईलच.

व्हर्नियर हाताशी नसेल तर नुसत्या नजरेनेही कळतं. धार दर बाजूला १५ अंशांची धरली, तर ०.३ मिलिमीटर जाडीवर धारेचा पट्टा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून किंचित रुंद दिसतो. १ मिलिमीटर जाडीवर तोच पट्टा जवळजवळ २ मिलिमीटर रुंद होतो. साधी त्रिकोणाची भूमिती आहे. म्हणून एखाद्याच्या आरशासारख्या सुरीचा फोटो आला की मी पातं बघायच्या आधी खालची चमकती पट्टी किती रुंद आहे ते बघतो. रुंद असेल आणि कोन काही फार निमुळता केलेला नसेल, तर सुरी जाड आहे, मग वरची चकाकी कितीही असो.

धारेपासून १० मिलिमीटर वरचीही जाडी मोजा. हा आकडा फार कमी जण मोजतात. पाठ २ मिलिमीटर आणि पात्याची उंची ४५ मिलिमीटर असलेली स्वयंपाकाची सुरी धारेमागे ०.३ पर्यंत सपाट उतरवली, तर १० मिलिमीटर वर ती ०.७ च्या आत असते. पाठ ४ आणि उंची २५ असलेली रानातली सुरी धारेमागे ०.५ असली, तरी १० मिलिमीटर वर १.९ होते. दोन्हींची धार तुमच्या मनगटावरचे केस सारखेच उडवेल. पण जाड गाजर कापायला घ्या. पहिली सुरी त्यातून जाईल. दुसरी अर्ध्यापर्यंत जाईल आणि मग 'कट्' असा आवाज येऊन गाजर फुटेल. ते पाचरीने फोडलेलं असतं, सुरीने कापलेलं नसतं.

तीक्ष्णपणा आणि काप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या धंद्यातला निम्मा गोंधळ त्या एक समजल्याने होतो. तीक्ष्णपणा म्हणजे धारेचं अगदी टोक किती बारीक आहे. तो मोजायला छोटी यंत्रं मिळतात, ठरावीक बारीक तार तोडायला किती ग्रॅम जोर लागला ते दाखवतात. दाढीचं नवं ब्लेड साधारण ५० दाखवतं. तुमची परत आलेली सुरी नीट धार लावून त्या यंत्रावर ठेवलीत तर तीही झकास आकडा दाखवेल. पण वस्तूत शिरल्यावर पात्याची बाकीची जाडी वस्तूला किती रेटते, ते त्या तारेला कुठून कळणार? तुमच्या गिऱ्हाइकाने 'बोथट आहे' असं म्हटलेलं नाही, 'जड कापते' म्हटलंय. कारागिरापेक्षा नेमका शब्द वापरलाय त्याने.

आता ही जाडी आली कुठून? माझ्या मते पॉलिशमधूनच आली. पॉलिश धातू वाढवत नाही, कमीच करतं, हे मलाही माहीत आहे. पण पॉलिशच्या भीतीपोटी आपण घासकाम लवकर थांबवतो.

कसं ते सांगतो. पाणी दिल्यावर, म्हणजे तापवलेलं पातं बुडवून कडक केल्यावर (तेलात बुडवलं तरी शब्द पाणीच), आणि टेंपर, म्हणजे पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा कमी करून झाल्यावर पातं ०.३ पर्यंत उतरवलं, की ते हाताळायला त्रासदायक होतं. धार लावलेली नसली तरी ती कड पॉलिश पेपर फाडते, बोटं कापते, बफमध्ये (पॉलिशच्या फिरत्या कापडी चाकात) अडकते. पातळ कडेवर पेपर घासताना ती थोडी लवते आणि तिथला पट्टा असमान दिसतो. आरशासारख्या पॉलिशमध्ये हा दोष लांबूनही दिसतो, कारण आरसा लाट लपवत नाही. कड ०.८ किंवा १ मिलिमीटर असली की यातलं काहीच होत नाही. सगळं कसं घट्ट, स्वस्थ, आटोक्यात. मग हात आपोआप तिथे थांबायला शिकतो. कुणी ठरवून करत नाही. दहा-बारा सुऱ्या झाल्या की डोळ्यालाही तीच जाडी बरोबर वाटायला लागते.

मी हे स्वतः केलंय. माझ्या तिसऱ्या की चौथ्या वर्षातली एक सुरी होती, पात्यात भुवईचे केस मोजता येतील अशी. अकरा तास फक्त पॉलिश. ज्या मित्राला दिली त्याने महिनाभर काही कळवलं नाही. मग मीच विचारलं. तो म्हणाला, 'भिंतीवर लावलीये, छान दिसते.' बोच लागली. घरी आणून मोजली तर १.१. बेल्टवर घेतली आणि अकरा तासांचं काम पंधरा मिनिटांत उडवलं. ०.३ वर आणली, वरून ४०० चा साधा हात मारला आणि परत दिली. ती सुरी आता काळीबेंद्री, ओरखड्यांनी भरलेली आहे आणि रोज वापरात आहे. मला तिचा जेवढा अभिमान आहे तेवढा भिंतीवरच्या कुठल्याच सुरीचा नाही.

जाडीपेक्षा वाईट दुसरी गोष्ट म्हणजे उष्णता, कारण ती दिसत नाही. साध्या कार्बन स्टीलचं टेंपर आपण साधारण २०० अंश सेल्सिअसला करतो. त्याच्या बरंच वर गेलं की कडकपणा उतरायला लागतो. उघड्या पोलादावर २०० च्या आसपास फिका पिवळा रंग चढतो आणि ३०० च्या जवळ निळा. ग्राइंडरवर निळा दिसला की जळालं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण बफवर निळा दिसतच नाही, कारण चढलेला रंग तोच बफ पुसून नेतो. पात्याचं अंग कोमट लागतं आणि ०.३ ची कड मात्र क्षणभर कुठच्या कुठे तापलेली असते. कड जितकी पातळ तितकी उष्णता साठवायला धातू कमी.

अशा सुरीचं लक्षण ठरलेलं आहे. नवी असताना धार टिकत नाही, लगेच वळते. वापरणारा दोन-तीनदा दगडावर धार लावतो, आणि मग तीच सुरी अचानक सुधारते. स्टील 'बसलं' असं लोक म्हणतात. बसलं वगैरे काही नसतं. जळालेली पट्टी दगडावर घासून गेली आणि खालचं शाबूत पोलाद वर आलं. पण बहुतेक गिऱ्हाइकं तितका धीर धरत नाहीत.

बफबद्दल बोलतोच आहे तर एक सोडून देववत नाही. कार्यशाळेतलं सगळ्यात धोकादायक यंत्र बेल्ट ग्राइंडर नव्हे, बफ आहे. चाक नेहमी कडेवरून बाहेर पळालं पाहिजे, कडेत घुसता कामा नये. चुकून कड किंवा टोक चाकाच्या दिशेला आलं तर ते सुरी हातातून हिसकावून फेकतं, आणि ती कुठे जाईल याची खात्री नसते. त्यामुळे धार लावलेली सुरी बफवर न्यायचीच असेल, तर आपण नेमकं काय करतोय हे पूर्ण माहीत असल्याशिवाय नेऊ नका.

आता जुन्या कारागिरांकडे वळतो. त्यांचा राग मला कळतो, पण १२० चा बेल्ट हा कामगिरीचा पुरावा नाही. खडबडीत आणि जाड अशा सुऱ्या मी ढीगभर पाहिल्यात. त्या कापतही नाहीत आणि दिसतही नाहीत. 'कामाची सुरी आहे' हा शब्द कधीकधी आळसावरचं पांघरूण असतो.

शिवाय घासाईला प्रत्यक्ष कामाची कारणं आहेत. खोल ओरखड्यांत पाणी आणि मीठ अडकून राहतं, गंज तिथूनच सुरू होतो. तेच स्टील गुळगुळीत असताना जास्त टिकतं. स्टेनलेसलाही हे लागू आहे. दुसरं म्हणजे, पात्यावरचा आडवा खोल ओरखडा ताण गोळा करतो. पाणी देताना तडा गेलाच तर अशाच ओरखड्यापासून किंवा धारदार कोपऱ्यापासून सुरुवात होते. म्हणून मी पाणी द्यायच्या आधी किमान २२० पर्यंत नेतो आणि ओरखडे लांबीच्या दिशेने वळवून घेतो. तिसरं, कार्बन स्टील भट्टीतून निघालं की वरच्या पापुद्र्यातला कार्बन थोडा उडालेला असतो. तो मऊ पापुद्रा घासून काढावाच लागतो. तो कडेवर राहिला तर पहिली धार मऊच असणार.

काही हत्यारांत तर पॉलिश हाच काप असतो. वस्तरा घ्या किंवा लाकूड कोरायची सुरी घ्या. कोरणाऱ्या सुरीचा पूर्ण उतार लाकडावर दाबून सरकतो, तो जितका गुळगुळीत तितका हात हलका चालतो आणि लाकडावरची खूणही चकचकीत येते. तिथे तुमच्या कारागिरांचं १२० उपयोगाचं नाही.

उलट ओल्या, पिठूळ भाजीत आरसा आडवा येतो. बटाट्याची चकती गुळगुळीत सपाट पात्याला पाण्याच्या थराने चिकटून बसते. यावर अनेक जण ओरखडे ठेवून उपाय करू बघतात. माझ्या अनुभवात त्याने फार फरक पडत नाही. फरक पडतो तो उताराच्या आकाराने. किंचित फुगीर उतार असेल तर चकतीला पूर्ण टेकायला जागाच मिळत नाही. म्हणजे हा प्रश्नही अखेर पॉलिशवरून आकारावरच येऊन थांबतो.

आणि पात्याची चकाकी व धारेची चकाकी यांची गल्लत करू नका. धारेचं टोक किती बारीक दगडावर न्यायचं हा निर्णय पातं आरसा आहे की नाही यापासून पूर्ण वेगळा आहे. टोमॅटोची साल, दोरखंड असं ओढून कापायचं असेल तर १००० च्या दगडावर थांबलेली, थोडी दातेरी धार पकड घेते. दाबून कापायचं असेल, लाकूड तासायचं असेल, तर ३००० किंवा ६००० वर नेऊन चामड्यावर फिरवलेली धार बरी. दोरखंड कापायच्या सुरीची धार हौसेने आरसा केलीत, तर ती कागद सुरेख कापेल आणि दोरखंडावरून घसरेल.

या धंद्यात काप आणि चकाकी यांची तपासणी वेगवेगळी कशी करायची, याचा एक चांगला नमुना आहे. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही संस्था बिल मोरान यांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये उभी राहिली. तिची 'जर्नीमन' पदवी हवी असेल तर आधी एका सुरीची कामाची परीक्षा होते. मोकळा लोंबणारा १ इंच जाडीचा दोर एका फटक्यात तोडायचा, मग २ बाय ४ इंची म्हणून विकली जाणारी लाकडी पट्टी दोनदा तोडायची, आणि एवढं झाल्यावर, मध्ये धार न लावता, त्याच धारेने हातावरचे केस काढून दाखवायचे. शेवटी ती सुरी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून ९० अंशांत वाकवायची, तुटता कामा नये. या सुरीच्या पॉलिशकडे कुणी ढुंकून बघत नाही. हे पार पडलं की मग पाच सुऱ्या परीक्षकांपुढे ठेवायच्या, आणि तिथे मात्र रेषा, जोड, पॉलिश यांत तसूभर चूक चालत नाही. क्रम लक्षात घ्या. जिने कापून दाखवलं नाही, तिच्या मालकाला पुढच्या टेबलापर्यंत येताच येत नाही.

दुसरा नमुना जपानातल्या साकाईचा. तिथे पातं घडवणारा लोहार वेगळा, घासून धार देणारा वेगळा आणि मूठ बसवणारा वेगळा, अशी कामाची वाटणी फार जुनी आहे. घासणारा माणूस पात्याला आकार देत देत एकेक बारीक दगडावर जातो, आणि पात्याच्या कडक पोलादाला जोडलेल्या मऊ लोखंडावर जी धुक्यासारखी झाक येते ती त्याच घासण्यातून येते. पातळ करणं आणि शोभा आणणं ही त्याच्या हातात दोन कामं नसतात. मी पंचवीस वर्षांनी ज्या पद्धतीवर आलो ती बरीचशी अशीच आहे: पॉलिश म्हणजे घासकामाचाच शेवटचा भाग, त्यावर मागाहून चढवलेला थर नव्हे.

प्रत्यक्षात मी असं करतो. पाणी आणि टेंपर झाल्यावर पातं नव्या बेल्टवर उतरवतो. जुना बेल्ट कापत कमी आणि तापवत जास्त, म्हणून पातळ कडेवर काटकसर करत नाही. हातमोजे घालत नाही, दर फेरीनंतर पाण्यात बुडवतो. शेवटी ०.३ हवं असेल तर ०.४ ला थांबतो, कारण १२० पासून वर जाताना दोन्ही बाजू मिळून काही शतांश मिलिमीटर जातातच. १२० च्या दाण्याचा आकार साधारण ०.१२५ मिलिमीटर, ४०० चा ०.०३५ आणि २००० चा ०.०१ असतो. त्यामुळे सगळा धातू पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच जातो, पुढे फक्त ओरखडे बदलतात.

मग, पॉलिशला हात लावायच्या आधी, त्याला तात्पुरती धार लावतो आणि कापून बघतो. २२० च्या ओरखड्यांसकट. मूठ नसते, शेपटीला (मुठीत जाणाऱ्या भागाला) कापड गुंडाळलेलं असतं. गाजर, कांदा, पुठ्ठा, जे काम असेल ते. पितळेच्या सळईवर धार दाबून बघतो: ती लवून परत सरळ झाली पाहिजे. वाकूनच राहिली तर मऊ, तुकडा उडाला तर ठिसूळ किंवा फारच पातळ. इथे सुरी नापास झाली तर फार तर एक-दोन तास बुडतात. तुम्ही ही चाचणी आरसा झाल्यावर करता, म्हणून तुम्हाला ती नापास करवत नाही. अकरा तास घातलेल्या पात्याला परत बेल्टवर न्यायला छाती लागते, आणि खरं सांगायचं तर ती बहुतेकांना नसते. मलाही तेव्हा मित्राने भिंत दाखवेपर्यंत नव्हती.

पास झाली की ती तात्पुरती धार दगडावर उभी घासून बोथट करतो आणि मग हातघासाई. पातं पूर्ण लाकडी फळीवर आडवं, कडेला खालून आधार. हा आधार दिला की ०.३ ची कड लवत नाही, आणि तुमची मुख्य भीती तिथेच संपते. पेपराच्या मागे कडक पट्टी, रबर नाही; रबराने सगळ्या रेषा गोल होतात. दर पायरीला दिशा बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. ६०० ला थांबून शेवटचे हात एकाच दिशेने, टाचेकडून टोकाकडे. यातून जी मंद, रेशमी झाक येते ती मला आरशापेक्षा आवडते. वापरताना पडलेला ओरखडा तिच्यात मिसळून जातो आणि मालक घरी पेपर घेऊन ती परत आणू शकतो. आरशावर पहिल्या दिवशी पडलेला ओरखडा मात्र आयुष्यभर टोचतो. माझ्या माहितीतले किती तरी लोक या एका कारणासाठी सुंदर सुरी पेटीत ठेवून साधी वापरतात.

शेवटची धार मूठ बसवून झाल्यावर, सगळ्यात शेवटी.

स्टीलबद्दल फार बोलत नाही, पण चकाकी आणि काप यांचं कुठे जमतं आणि कुठे बिनसतं ते पोलादातच ठरतं. एईबी-एल, ५२१००, ओ१ या स्टीलांत कार्बाइडचे, म्हणजे पोलादातल्या कार्बनच्या अतिकडक संयुगांचे, कण बारीक असतात. त्यामुळे ती पातळ कडेवर टिकतात आणि पॉलिशही सरळ घेतात. एईबी-एल तर मुळात दाढीच्या ब्लेडसाठीचंच स्टील. डी२ मध्ये कण मोठे, आरसा करायला गेलात की संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग येतो. सीपीएम एस९०व्ही मध्ये ९ टक्के व्हॅनेडियम, आणि व्हॅनेडियम कार्बाइड नेहमीच्या अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पेपरापेक्षा कडक. पेपर भोवतालचं पोलाद खातो आणि कण तसेच उभे राहतात. ज्या गुणामुळे ते तुम्हाला पॉलिशला रडवतं, त्याच गुणामुळे ते धार धरून ठेवतं. शेफिल्डच्या कॅट्रा या धार तपासणाऱ्या संस्थेच्या यंत्रावर ५ टक्के सिलिका मिसळलेला पुठ्ठा कापायला लावतात, तिथे अशी स्टीलं पुढे असतात. पण त्याच यंत्रावर धारेचा कोन कमी केला की साधं स्टीलही पुष्कळ जास्त पुठ्ठा कापतं. म्हणजे महाग स्टील जाड ठेवलंत तर त्याचे पैसे तुम्ही पेपरावर घालवलेत, धारेवर नाही. असल्या स्टीलवर आरसा करायचा हट्ट असेल तर हिऱ्याची किंवा सीबीएनची (क्यूबिक बोरॉन नायट्राइडची) पूड घ्या, नाहीतर सोडून द्या.

गिऱ्हाइकाचं काय? फोटोत काप दिसत नाही, हे खरंच अवघड दुखणं आहे. मी दोन गोष्टी करतो. टाचेकडून, पात्याच्या आडव्या छेदात बघितल्यासारखा एक फोटो काढतो, त्यात पाठीपासून धारेपर्यंतचा उतार दिसतो. आणि वर्णनात धारेमागची जाडी, १० मिलिमीटर वरची जाडी आणि कडकपणा हे आकडे लिहितो. पहिल्या वर्षी कुणी विचारलं नाही. नंतर लोक इतर कारागिरांकडेही हे आकडे मागायला लागले, आणि एक-दोघांनी त्याबद्दल माझ्यावर दातओठ खाल्ले. ऑर्डर घेताना 'कशी दिसायला हवी' याच्या आधी 'हिने काय कापणार' हे विचारा. उत्तर 'काही नाही, कपाटात ठेवणार' असं आलं तर खुशाल आरसा करा, हवा तेवढा वेळ लावा. संग्राहकासाठी केलेली सुरी ही वेगळी आणि मानाची कला आहे, तिला हसू नये. अमेरिकन सुरी-कारागीर बॉब लव्हलेस यांच्या आरशासारख्या सुऱ्यांचं लोकांना वेड होतं, पण त्यांनी आयुष्यभर आग्रह धरला तो वापरातल्या सुरीच्या आकाराचा.

आता ती परत आलेली सुरी. नवी बनवून देऊ नका, तीच दुरुस्त करा, तुम्हाला त्यातून जास्त कळेल. आधी मोजून आकडे वहीत लिहा. मग पाण्यात बुडवत बुडवत ०.४ पर्यंत उतरवा. १ वरून यायचं असेल तर फक्त खालची पट्टी घासू नका, नाहीतर मध्ये नवा खांदा तयार होईल आणि सुरी तिथेच अडकेल; उतार पाठीपर्यंत नेऊन मिसळावा लागेल. आरसा जाणार, जाऊ द्या. तात्पुरती धार, गाजर, पितळेची सळई. मग ६०० पर्यंत हातघासाई, धार १००० किंवा २००० वर. गिऱ्हाइकाला पाठवताना जुने आणि नवे आकडे सोबत लिहून द्या आणि जाडी राहिली ही चूक तुमची होती असं सरळ सांगा.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी मुठीला टेप गुंडाळायला विसरू नका. पोलादाचा ओला काळा गाळ लाकडाच्या रंध्रांत एकदा शिरला की तो काही केल्या निघत नाही, आणि मग तुम्हाला मूठही नवी करावी लागेल.